मार्विन्स रूम बघितला आणि बेसीच्या एका बोलण्यावरून घरात वाद सुरू झालाय

सांजवेळ

परवा रात्री मी आणि माझी नणंद, दोघींनी मिळून मार्विन्स रूम बघितला. 1996 चा हॉलिवूडचा पिक्चर. मेरिल स्ट्रीप, डायन कीटन, रॉबर्ट डी निरो आणि टायटॅनिकच्या आधीचा अगदी पोरगेला लिओनार्डो डिकॅप्रिओ, एवढी मंडळी एका पिक्चरमधे असून त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

बेसी (कीटन) फ्लोरिडात राहते. वडील मार्विन पक्षाघातानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले, बोलणं गेलेलं. सोबत रुथ आत्या, तिच्या पाठीचे मणके दबलेत आणि दुखणं थांबावं म्हणून मेंदूत एक विजेचं यंत्र बसवलंय, ते चालू केलं की घराच्या गॅरेजचं दार उघडतं. या दोघांचं सगळं बेसी एकटी करते, लग्न नाही, स्वतःचा संसार नाही. बहीण ली (स्ट्रीप) मात्र वडील आजारी पडले तेव्हाच आपलं आयुष्य वेगळं म्हणून लांब राहिली, ओहायोत असते, दोघींत जवळपास वीस वर्षं धड बोलणं नाही. आणि मग बेसीलाच ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघतो. बोन मॅरो (हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मगज) जुळतंय का बघायला बहीण आणि तिची दोन मुलं हवीत, म्हणून इतक्या वर्षांनी फोन जातो. लीचा थोरला हँक (डिकॅप्रिओ), यानं राहतं घर पेटवून दिलेलं असतं आणि तो मनोरुग्णालयात असतो, त्याला तिथून घेऊन तिघं फ्लोरिडाला येतात.

आता वाद कशावरून. शेवटाकडे, कुणाचंच मॅरो जुळत नाही हे कळल्यावर बेसी बहिणीला म्हणते की मी फार नशीबवान, माझ्या आयुष्यात केवढं प्रेम होतं. ली म्हणते हो, बाबा आणि आत्याचा तुझ्यावर फार जीव आहे. तर बेसी म्हणते, तसं नाही गं, मला त्यांच्यावर एवढा जीव लावता आला, हे माझं नशीब.

मला तिथे रडू आवरेना. नणंद मात्र चिडली. ती म्हणाली हीच तर बायकांना घरात बांधून ठेवायची पद्धत आहे, आधी सगळं आयुष्य घ्यायचं आणि वर तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं की मी सुखी आहे. मी म्हटलं बेसी कुणाच्या दबावाखाली बोलतच नाहीये. रात्री दीडपर्यंत आमचं हेच चाललं आणि सकाळी चहाला परत तेच.

तर तुम्हाला काय वाटतं सांगा. आणि इथे कुणी डॉक्टर असतील तर हेही सांगा की सख्खी बहीण आणि दोन भाचे असून एकाचंही मॅरो जुळत नाही असं खरंच होतं का, की कथेच्या सोयीसाठी केलंय? असे अजून पिक्चर असतील तर तेही सुचवा.

नाट्यवेडा

सांजवेळ, बरं झालं हा विषय काढलात. हे मुळात नाटक आहे आणि ते कुणी, कधी लिहिलं हे कळल्याशिवाय बेसीचं ते बोलणं पूर्ण कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

लेखक स्कॉट मॅकफर्सन. नाटक 1990 साली शिकागोत गुडमन थिएटरला पहिल्यांदा झालं, मग न्यूयॉर्कला गेलं. तेव्हा तो जेमतेम तिशीत होता, आणि त्याचा जोडीदार, जो व्यंगचित्रकार होता आणि एड्सच्या चळवळीत पुढे होता, तो एड्सनं आजारी होता. मित्रमंडळीतले कितीतरी जण आजारी. स्वतः मॅकफर्सनलाही तोच आजार. नाटकाच्या सोबत त्यानं जे टिपण लिहिलंय त्यात तो सांगतो की आम्ही सगळे एकमेकांची काळजी घेतो, जो कमी आजारी तो जास्त आजारी असलेल्याची. त्याच्या लहानपणी फ्लोरिडात आजारी नातेवाईक होते, त्यांचं करणारी माणसं त्यानं बघितली होती, ते सगळं या नाटकात उतरलंय, पण ते लिहायला लावलं त्याच्या तेव्हाच्या आयुष्यानं. 1992 मधे आधी जोडीदार गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हाही गेला, वय 33. पटकथा तो लिहून गेला होता, पिक्चर मात्र त्याला बघायला मिळाला नाही. आणि जीवाला लागणारी गोष्ट म्हणजे पिक्चर आला 1996 च्या अखेरीस, म्हणजे ज्या वर्षी एचआयव्हीवरची एकत्र घ्यायची नवी औषधं येऊन माणसं मरणाच्या दारातून परत यायला लागली, त्याच वर्षी.

आता हे डोक्यात ठेवून बेसीकडे बघा. ती स्वतः आजारी आहे आणि तिच्याहून जास्त आजारी असलेल्याचं करतेय. पूर्ण पिक्चरमधे एड्स हा शब्द कुठेही नाही, पण हा माणूस लिहितोय ते आपल्या खोलीतलं लिहितोय. त्यामुळे 'मला जीव लावता आला' हे कुणी मुलींना शिकवण म्हणून लिहिलेलं नाहीच. ज्याच्या डोळ्यांसमोर आपली माणसं एकेक करून चाललीत त्यानं मागे वळून काय उरलं ते बघितलंय आणि ते लिहिलंय. तुमच्या नणंदबाईंना हे नक्की सांगा, पटलं नाही तरी चालेल.

अजून एक, नाटकात मार्विन कधी धड दिसतच नाही. काचेच्या विटांच्या भिंतीमागे त्याची नुसती आकृती, बाकी त्याचे आवाज. पिक्चरमधे ह्यूम क्रोनिन समोर दिसतो आणि त्या म्हाताऱ्यानं एक शब्द न बोलता नुसत्या डोळ्यांनी काम केलंय. दिग्दर्शक जेरी झॅक्स, रंगभूमीवरचा नावाजलेला माणूस, त्याचा हा पहिलाच पिक्चर. त्यामुळे कॅमेरा काही ठिकाणी अगदीच साधा आहे, पण नटांना त्यानं मोकळं सोडलंय आणि या गोष्टीला तेच हवं होतं.

मोगरा

मी नणंदेच्या बाजूनं.

नाट्यवेडा, तुम्ही सांगितलेली माहिती मला नवीन होती आणि ती वाचून वाईटही वाटलं, पण लेखकानं कुठल्या दुःखातून लिहिलं हा एक भाग झाला आणि पडद्यावर काय पोचतं हा दुसरा. पडद्यावर काय आहे? एक बाई आहे जिनं वडील आणि आत्या यांच्यापायी सगळं आयुष्य दिलंय. तिचं एका जत्रेत काम करणाऱ्या मुलावर प्रेम होतं, तो बुडून मेला, काठावर त्याच्या घरची माणसं होती आणि त्यांना वाटलं हा नेहमीसारखी गंमत करतोय. हे दुःख तिनं कुणाला सांगितलेलं नाही, इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा बहिणीला सांगते. मला तो प्रसंग अख्ख्या पिक्चरमधे सगळ्यात खरा वाटला, कारण तिथे पहिल्यांदा बेसी म्हणून एक बाई दिसते, नुसती करणारी दिसत नाही. मग पुढे लगेच तिच्या तोंडी मी किती नशीबवान हे का घालायचं? तिला एकदा तरी रागावू द्यायचं होतं. बहिणीवर, बापावर, त्या विसराळू डॉक्टरवर, कुणावर तरी.

माझ्या ओळखीत अशी बेसी प्रत्येक नात्यात एक आहे. मोठी मावशी, बिनलग्नाची आत्या, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली बहीण. सगळे म्हणतात काय तिचं मन, किती करते सगळ्यांचं. तिला कधी दोन दिवस सुट्टी हवी का हे विचारायला कुणी येत नाही आणि तिच्या म्हातारपणी तिचं कोण करणार याचं उत्तर कुणाकडे नसतं. पिक्चर निदान हा प्रश्न तरी उभा करतो, करणारीच आजारी पडली तर काय, आणि यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देते. पण उत्तर काय देतो, तर दुसरी बहीण येऊन तिच्या जागी उभी राहते. म्हणजे परत एक बाईच.

डॉ_पिंपळपान

सांजवेळ, तुमच्या वैद्यकीय प्रश्नाला उत्तर देतो. मी रक्तविकारात काम करतो, त्यामुळे हा पिक्चर मी जरा वेगळ्या डोळ्यांनी बघितला होता.

न जुळणं अगदी शक्य आहे, कथेची सोय वगैरे नाही. मॅरो जुळतंय म्हणजे रक्तगट जुळतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं. पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, त्यांचा एक संच आईकडून येतो आणि एक वडलांकडून. दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळायची शक्यता चारात एक. निम्मं जुळायची शक्यता दोनात एक, आणि काहीच न जुळायची परत चारात एक. म्हणजे एकच बहीण असेल तर पूर्ण न जुळण्याचीच शक्यता जास्त, शंभरात पंचाहत्तर. भाच्यांचं पूर्ण जुळणं तर फारच दुर्मिळ, कारण त्यांचा अर्धा वारसा दुसऱ्याच घराण्यातून आलेला असतो. तरी तपासतात, कारण दुसरं काही हातात नसतं आणि घरच्यांनाही आपण सगळं करून बघितलं एवढं तरी वाटावं लागतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. हीच गोष्ट आज घडली तर कदाचित शेवट वेगळा होईल. नव्वदच्या दशकात निम्म्या जुळणीवर ट्रान्सप्लांट करणं फार धोक्याचं होतं, दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उठायच्या, कातडी, आतडी, लिव्हर सगळ्यावर. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला एक पद्धत बसवली गेली, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनंच औषध द्यायचं, त्यानं त्या चवताळलेल्या पेशी मरतात आणि कामाच्या मूळ पेशी टिकतात. आता निम्म्या जुळणीचे ट्रान्सप्लांट आपल्याकडेही होतात. म्हणजे ली पूर्ण किंवा निम्मी जुळण्याची शक्यता धरली तर चारात तीन, आणि ती जुळत असून काही कारणानं देऊ शकत नसेल तर भाच्यांपैकी कुणी निम्मा जुळू शकतो. अर्थात जुळलं म्हणजे बरं झालं असं नाही, ल्युकेमियाचा प्रकार, वय, आधीची केमो कितपत लागू पडली, सगळं बघावं लागतं. पण 'कुणीच नाही' म्हणून घरी पाठवणं आता पूर्वीइतकं होत नाही. आपल्या देशात पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली मुंबईत टाटा मेमोरियलला झाला होता, तिथून इथपर्यंत खूप काही बदललंय.

एक गैरसमज ओपीडीत रोज ऐकतो म्हणून इथेही लिहितो. मॅरो देणं म्हणजे मणक्यातून पाणी काढणं नाही, त्यानं कुणी लुळं पडत नाही. मॅरो काढायचा असला तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, मणक्याला हातही लावत नाहीत, आणि हल्ली बहुतेक वेळा तेही लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन मूळ पेशी रक्तात आणतात आणि मग मशीनवर काही तास बसवून प्लेटलेट देतात तशा काढून घेतात. थोडी अंगदुखी होते, हाडं ठणकतात, ती जाते. घरात कुणी जुळत नसेल तर दात्यांच्या नोंदणी संस्था आहेत, त्यात नाव घालायला गालाच्या आतून नुसता कापूस फिरवून नमुना देतात. तरुण मुलांनी जरूर द्यावा.

हँक आधी तपासणीला नाही म्हणतो ना, तो भाग मला फार नीट लिहिलेला वाटला. घरच्यांच्या दबावाखाली हो म्हणणारा दाता आम्हाला नको असतो, चांगल्या केंद्रात दात्याला एकट्याला बसवून विचारतात की तुला खरंच द्यायचंय का. बेसी त्याच्यावर जबरदस्ती करत नाही, हे वैद्यकीय दृष्टीनंही बरोबर आहे. डी निरोचा डॉक्टर मात्र मला खूप बोचला. पेशंट भेदरलेली आहे आणि हा वस्तू शोधतोय, तिचं नाव विसरतोय. लोक हसतात तिथे. मला ते बघून माझ्या वॉर्डातल्या ज्युनिअर मुलांना सांगावंसं वाटलं की पहिल्या भेटीत पेशंटच्या लक्षात फक्त एवढंच राहतं.

ओहायोकर

मी खरंच ओहायोत राहतो, कोलंबसजवळ. मॅकफर्सन याच गावचा, म्हणून इथल्या एका मित्रानं मला हा पिक्चर दाखवला होता. इथे बहुतेक जण बेसीबद्दल लिहितायत, मी लीबद्दल लिहितो कारण मी ली आहे. आईवडील नाशिकला, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ, आणि मी इथे.

लीला पिक्चरनं वाईट ठरवलेलं नाही यासाठी मी लेखकाचा ऋणी आहे. ती पळून गेली असं बेसीच्या घरात बोललं जात असणार, पण तिच्या बाजूनं बघा, एकट्यानं दोन मुलं वाढवतेय, ब्यूटी पार्लरचा कोर्स करतेय, थोरला हाताबाहेर गेलाय, घर जळून गेलंय. तिच्याकडे द्यायला काही शिल्लकच नाही. मार्विनच्या खोलीत जायला तिचा पाय उचलत नाही, ते मला नीट समजतं. मी सुट्टीत घरी जातो तेव्हा पहिल्या दिवशी बाबांच्या खोलीच्या दारात माझंही तसंच होतं. भाऊ सवयीनं त्यांचा चष्मा पुसतो, औषध देतो, आणि मला साधं कुठे बसायचं ते कळत नाही.

म्हणून तो विगचा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. केमोनं बेसीचे केस गेलेत आणि ती विग घालते, तो तिला शोभत नाही. ली तिला बसवते आणि तो विग नीट करून देते. लीला आयुष्यात धड येणारी एकच गोष्ट आहे, केस करणं, आणि ती ते करते. माफी नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. दोन बहिणी, एक खुर्ची, एक कंगवा. स्ट्रीप आणि कीटन तिथे ज्या तऱ्हेनं एकमेकींकडे बघतात ते परत परत बघावं असं आहे. कीटनला या कामासाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं, मिळालं नाही, पण माझ्या मते त्यातला अर्धा वाटा स्ट्रीपचा, कारण कडवट माणसाचं काम करून समोरच्याला उजळू देणं फार अवघड.

मोगरा, तुम्ही म्हणता की उत्तर परत एका बाईच्याच गळ्यात पडतं, ते मला पटतं. पण त्याचं एक कारण इथल्या व्यवस्थेतही आहे. अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर, तो दवाखान्याचा खर्च देतो, पण वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला आंघोळ घालणं, भरवणं, या रोजच्या सांभाळाचे पैसे देत नाही. त्यासाठी मेडिकेड, आणि ते मिळायला आधी माणसाची जवळपास सगळी शिल्लक संपावी लागते. पिक्चरमधे ली वृद्धाश्रम बघायला जाते ना, ते असंच कुणाच्या मनात आलं म्हणून नाही. बेसी घरी होती म्हणून मार्विन घरी राहिला, नाहीतर काय झालं असतं ते त्या एका प्रसंगात दिसतं.

कृष्णाकाठ

रोज नुसतं वाचतो, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. मी पुरुष आहे, एकटा आहे आणि आईचं सगळं मी करतो. सांगली भागात राहतो. आईला पॅरालिसिसचा अटॅक येऊन बरीच वर्षं झाली, उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं गेलं, गिळता येत नाही म्हणून नाकातून राइल्स ट्यूब आहे. तर मोगराताई, बेसी पुरुषही असतो, कमी असतील पण आहोत.

हा पिक्चर मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बघितला. खरा किती आहे ते सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखम होते आणि ती एकदा झाली की महिनोन्महिने भरत नाही. एअर बेड आहे, पण लाइट गेली की तो बसतो, मग हातानंच उश्या लावायच्या. ट्यूबमधून द्यायची नाचणीची पेज दोनदा गाळायची, एक कण राहिला तरी नळी तुंबते, आणि भरवल्यावर अर्धा तास तिला आडवं करायचं नाही, उशाकडची बाजू वर ठेवायची, नाहीतर ठसका लागून फुप्फुसात जातं. हे करताना मी आईशी बोलत असतो, बाजारभाव काय, शेजारी कोण आलं, पाऊस कुठवर आलाय. ती ऐकते की नाही कळत नाही असं लोक म्हणतात, मला कळतं. बेसी आरशानं खोलीभर उजेडाचे कवडसे नाचवते आणि मार्विनचे डोळे त्याच्यामागे फिरतात, ते ज्यानं लिहिलं त्यानं असं माणूस जवळून सांभाळलेलं आहे किंवा सांभाळणारं बघितलेलं आहे, एवढं मी शंभर टक्के सांगतो.

आता तुमच्या वादाबद्दल. बेसीचं ते बोलणं खरं आहे. पण रोज खरं नसतं. ज्या रात्री सलग चार तास झोप मिळते त्याच्या दुसऱ्या दिवशी मलाही तसंच वाटतं, आईचं करायला मिळतंय यापेक्षा मोठं काय आहे. ज्या रात्री मिळत नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नणंदबाई म्हणतात तसं वाटतं. दोन्ही एकाच माणसाला वाटतं, त्यामुळे कुणी कुणाला खोटं पाडायचं कारण नाही. माझी तक्रार एकच, बेसी एवढी वर्षं करून इतकी शांत आहे, तिला आरडाओरडा करताना दाखवायला हवं होतं. मोगराताईंचा तेवढा मुद्दा मला मान्य.

आणि बहीण. माझी ताई आमच्याशी बोलत नव्हती. वडलांनी जमिनीसाठी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायचं काढलं, ती नाही म्हणाली, तिथून जे बिनसलं ते वडील गेले तरी तसंच राहिलं. 2005 च्या कायद्यानं मुलीला बरोबरीचा हक्क दिला खरा, पण तो मागणाऱ्या मुलीला माहेर तुटतं, हे आमच्या भागात घरोघरी आहे. मागच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले तीन महिने वजन उचलायचं नाही. आता आईला उचलणार कोण? तेव्हा मी ताईला फोन केला. पिक्चरमधे बेसीचा फोन जातो तिथे मी पॉज केला होता आणि बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

रानजाई

मराठीत सुचवायचं तर दोन सुचवते. पहिला व्हेंटिलेटर, 2016 चा, राजेश मापुसकरांचा. गणपती तोंडावर आलेत, घरातले वडीलधारे व्हेंटिलेटरवर, आणि दवाखान्यात सगळा गोतावळा जमा होतो, त्यात बाप आणि मुलगा यांच्यातलं तुटलेलं नातं. आशुतोष गोवारीकर आणि जितेंद्र जोशी दोघंही अप्रतिम, जोशींचा शेवटचा भाग बघून माझे वडील, जे कधी पिक्चर बघून काही बोलत नाहीत, उठून माझ्या भावाच्या खोलीत गेले. मार्विन्स रूममधे माणसं पाच-सहा आणि शांतता जास्त, इथे माणसंच माणसं, पण ट्यूब काढायची की ठेवायची हा प्रश्न मात्र फक्त व्हेंटिलेटरमधे आहे आणि तो फार प्रामाणिकपणे मांडलाय.

दुसरा अस्तु, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे मोठे विद्वान, अल्झायमर झालेला, मोहन आगाशे. मुलगी इरावती हर्षे. ते रस्त्यात एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळते. तिला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सांजवेळ, तुमच्या नणंदेला हा आवर्जून दाखवा. मुलीला बापाचं करताना येणारा राग, थकवा, आपण कमी पडतोय ही टोचणी, हे सगळं त्यात उघडपणे आहे. मोगराला जे मार्विन्स रूममधे कमी वाटलं ते इथे सापडेल.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मॅकफर्सनबद्दल ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की त्या माणसाचं म्हणणं मला मान्य, पण तेच वाक्य कुणी माझ्या आईला सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या सासूबाईंनी आजेसासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं केलं, त्या वेळी ही लहान होती आणि तिनं आईला रात्री स्वयंपाकघरात एकटीला बसलेलं बघितलंय. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यामुळे वाद मिटला असं नाही, पण आता तो कशावरून आहे ते मला कळलं.

डॉक्टर, माझ्या मुलाला 19 पूर्ण झालीत, त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, तो नाव नोंदवतो म्हणालाय.

कृष्णाकाठ, विचारू की नको असं वाटत होतं, पण विचारतेच. ताई आली का? आणि फोनवर तुम्ही काय बोललात? माझ्या माहेरी दोन काका असेच आहेत, एकाला किडनीचा त्रास सुरू झालाय आणि दुसऱ्याला फोन कुणी करायचा यावर सगळे अडून बसलेत.

कृष्णाकाठ

आली. फोनवर जमिनीचं काहीच काढलं नाही, तिनं काढलं तेव्हा मी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. एवढंच म्हटलं की माझं ऑपरेशन आहे, आईला उचलायला माणूस नाही, तू येशील का. ये म्हणालो नाही, येशील का म्हणालो. तिनं विचारलं कधी, आणि तारीख लिहून घेतली.

तुमच्या काकांसाठी सांगतो. फोन आजारी माणसानं स्वतः करू नये आणि बायकामुलांनी रडतही करू नये, ज्याच्याशी दोघंही अजून नीट बोलतात अशा एकानं करावा. माफी, जुना हिशोब, तू असं का केलंस, हे काही काढायचं नाही. ठरावीक काम सांगायचं. डायलिसिसला मंगळवारी घेऊन जाशील का, असं. माणसाला नातं जोडायला ये म्हटलं की तो दहा गोष्टी आठवतो, गाडी घेऊन ये म्हटलं की गाडी काढतो.

ताई राहिली तेव्हा पहिले दिवस आईच्या खोलीत फक्त दारापर्यंत यायची, ओहायोकर म्हणतात तसंच. मग मी तिला ट्यूबमधून भरवायला शिकवलं, सिरिंज किती उंच धरायची, पेज किती सावकाश सोडायची. आता महिन्यातून दोन शनिवार येते, त्या रात्री मी झोपतो. जमिनीचं अजून तसंच आहे, त्यावर आम्ही वकिलाकडे एकत्र जाणार आहोत, दिवाळी झाल्यावर.

सांजवेळ, किडनीचा त्रास कुठल्या टप्प्यावर आहे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) किती आहे, ते विचारून घ्या आणि दुसऱ्या काकांना सांगताना तेच सांगा. आकडा ऐकला की माणूस आधी दवाखान्याचं विचारतो, बाकीचं नंतर.